हरायचं काम मोठ्याचं : जपानी तलवारबाजीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जपानी तलवारीच्या 'काता'वर, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या क्रमावर आणि त्यातून शेकडो वर्षं टिकलेल्या शाळांवर एक पानभर लेख दिला होता. एक पान कमीच पडलं हे तुमच्या पत्रांवरून कळलं. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. दोन-तीन जणांनी मला 'सर' म्हटलंय, मी ताई आहे, पण चालतंय.

प्रश्न : यूट्यूबवर जपानी तलवारीचं प्रात्यक्षिक बघितलं. दोघं समोरासमोर, कोण आधी मारणार, कुठे मारणार, कोण हरणार सगळं आधीच ठरलेलं. मग यात लढाई कुठे आहे? स्पष्ट विचारतो, राग मानू नका, हे नाटकच नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : राग कशाला येईल, बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटतं, आणि खरं सांगायचं तर वाईट केलेला काता नाटकच असतो. चांगला काता कसा चालतो ते जरा सविस्तर सांगते, मग तुम्हीच ठरवा.

दोघांपैकी एक असतो उचिदाची, दुसरा शिदाची. उचिदाची आधी वार करतो आणि शेवटी हरतो. शिदाची त्या वाराला उत्तर देतो आणि जिंकतो. आता कुणालाही वाटेल की जिंकणारा गुरू असणार आणि मार खाणारा चेला. आहे नेमकं उलट. उचिदाची म्हणजे ज्येष्ठ, गुरू किंवा वरच्या पायरीचा विद्यार्थी, आणि तो हरतो, रोज हरतो, सत्तरीला आला तरी कालच्या आलेल्या पोरासमोर हरतो. त्याचं कामच ते आहे. मला विचाराल तर या सगळ्या परंपरेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि प्रात्यक्षिक बघताना आपलं लक्ष नेमकं जिंकणाऱ्याकडे असतं.

केंडो म्हणजे आजची, खेळासारखी शिकवली जाणारी जपानी तलवारबाजी, तिच्या दहा कात्यांमधला पहिला घ्या. दोघंही लाकडी तलवार डोक्याच्या वर घेऊन तीन पावलं पुढे येतात. उचिदाची संधी बघून समोरच्याच्या डोक्यावर सरळ खाली वार करतो. शिदाची अंग मागे घेऊन तो वार रिकामा जाऊ देतो आणि त्याच दमात पुढे येऊन उचिदाचीच्या डोक्यावर मारतो, लाकूड डोक्याच्या जेमतेम वर थांबतं. झालं, एवढंच. पाठ करायला दहा मिनिटं लागतात.

पण उचिदाचीचा वार खरा पाहिजे. म्हणजे शिदाची जागचा हलला नाही तर डोकं फुटलंच पाहिजे असा. समजा गुरूला दया आली, आणि त्याने चार बोटं अलीकडेच वार सोडला, तर शिकणारा काय शिकला? न लागणाऱ्या वारापासून मागे सरायला शिकला. त्याचं अंतर चुकलं, वेळ चुकली, आणि उद्या तो गुरू झाला की तेच पुढे देणार. अशा तीन पिढ्या गेल्या की हालचाल तंतोतंत तीच राहते आणि आतून मात्र काता मेलेला असतो. उलट बाजूने, उचिदाची फार जोरात, फार लवकर आला तर नवखा घाबरून आधीच उडी मारतो, तेही चुकीचंच. त्यामुळे समोरच्याला आज जेवढं झेपेल त्याच्या किंचित पुढे नेणारा वार, रोज, प्रत्येकासाठी वेगळा मोजून द्यायचा. हे ज्याला जमतं तो गुरू, नुसते काते पाठ असणारे पुष्कळ मिळतील.

ओनो-हा इत्तो-र्यू नावाच्या शाळेत तर यासाठी खास साधन आहे, ओनिगोते म्हणतात, कोपरापर्यंत येणारे जाडजूड भरीव हातमोजे. ते घालतो कोण, तर उचिदाची. म्हणजे शिकणाऱ्याला मनगटावर खरोखर फटका मारता यावा आणि गुरूचं हाड शाबूत राहावं. याच शाळेचं मुख्य तंत्र आहे किरिओतोशी. समोरून डोक्यावर वार येतोय, तर बाजूला व्हायचं नाही, अडवायचं नाही, त्याच रेषेत त्याच क्षणाला आपणही सरळ खाली वार करायचा, तो बरोबर बसला तर आपली तलवार त्याच्या तलवारीला मधल्या रेषेवरून ढकलून देते आणि स्वतः आत शिरते. बचाव आणि हल्ला एकाच हालचालीत. पहिल्याच कात्यात, हितोत्सुगाची त्याचं नाव, हे शिकवायला सुरुवात होते, आणि पुढचं अख्खं आयुष्य तेच सुधारत बसतात. अर्धा क्षण उशीर झाला की लाकूड डोक्यावर. शेवट ठरलेला असला तरी तिथपर्यंत पोचणं ठरलेलं नसतं, ते दर वेळी कमवावं लागतं.

सगळ्या शाळा अशा छोट्या-छोट्या कात्यांच्या नाहीत. चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानाशी जोडलेली तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू ही पंधराव्या शतकातली, इइझासा चोइसाई इएनाओ यांची शाळा, हिचे काते चांगलेच लांब असतात, वारावर वार, न थांबता, बघणाऱ्यालाच धाप लागते. शाळा चिलखताच्या काळातली आहे, त्यामुळे वार चिलखत उघडं असतं तिथे जातात, मान, मनगटाची आतली बाजू, काख, मांडी. आणि एक गंमत अशी की दोन लाकडी तलवारी जिथे एकमेकींवर आपटताना दिसतात तिथे पुष्कळदा खरा नेम तलवारीवर नसतोच, माणसावर असतो. सरावात माणूस वाचावा आणि बाहेरच्या बघ्यालाही कळू नये म्हणून मध्ये लाकूड घातलेलं असतं. तुम्ही बघितलेला व्हिडिओ या शाळेचा असेल तर तुम्हाला दिसलं ते दिसावं म्हणूनच तसं रचलेलं होतं.

प्रश्न : मी कॉलेजात असताना थोडं केंडो केलंय. चिलखत घालून, बांबूच्या तलवारीने मोकळं खेळता येतं, टूर्नामेंट होतात, पॉइंट मिळतात. मग काता कशासाठी घोकायचा? कोण चांगलं ते खेळून कळतंच की. – एक वाचक, नागपूर

उत्तर : हा वाद तुमचा-माझा नाही, अडीचशे वर्षं जुना आहे. एदोच्या, म्हणजे सतराव्या शतकापासून १८६८ पर्यंतच्या शांत काळात लढाया संपल्या, तलवार कमरेला राहिली पण बाहेर निघेना, आणि काते हळूहळू दिखाऊ व्हायला लागले अशी तक्रार त्या काळातलेच लोक करत होते. त्यावर उपाय म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जिकिशिनकागे-र्यूच्या नागानुमा कुनिसातो यांनी मुखवटा, हातमोजे आणि बांबूची शिनाई वापरून मोकळा सराव पुढे आणला, नंतर १७५१ ते १७६४ च्या होरेकी काळात इत्तो-र्यूच्या नाकानिशी शाखेनेही तो उचलला. तरुण पोरं धावत आली, साहजिक आहे, खेळायला मजा येते.

त्याच नाकानिशी शाखेत तेरादा मुनेआरी नावाचा एक हट्टी माणूस होता (१७४५ ते १८२५), त्याला हे अजिबात पटलं नाही, काताच करणार म्हणून अडून बसला. त्याची एक गोष्ट सांगतात. शिनाईवाल्या पोरांनी त्याला आव्हान दिलं. तो साधी लाकडी तलवार घेऊन, अंगावर काही न घालता उभा राहिला आणि समोरच्यांना म्हणाला, तुम्ही सगळं घालून या. आणि प्रत्येकाच्या मनात वार आला की तो आधीच बोलून दाखवायचा, आता तू डोक्यावर येणार, मग मी असा वरून सरकवून पोटावर मारणार. एकालाही पाऊल पुढे टाकता आलं नाही म्हणे. गोष्ट थोडी फुगली असेल, गुरूंच्या गोष्टी फुगतातच. पण काता करणारे ती का जपतात ते कळतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही पाहिजे, आणि दोन्हीतून वेगळं काहीतरी हरवतं. शिनाई म्हणजे बांबूच्या चार पट्ट्या बांधलेली गोल काठी. तिला धार नाही, पाठ नाही, वजन कमी, टाचणीसारखी टोचता येते. पॉइंटसाठी खेळताना माणूस असं काय काय करायला लागतो जे खऱ्या पात्याने केलं तर स्वतःचाच हात जाईल. काता धार कुठल्या बाजूला आहे ते विसरू देत नाही. केंडोवाल्यांनाही हे माहीत आहे, म्हणून तर १९१२ मध्ये वेगवेगळ्या शाळांच्या लोकांनी बसून दहा समान काते ठरवले, सात लांब तलवारीचे आणि तीन आखूडचे, आणि आजही 'दान'च्या, म्हणजे केंडोतल्या वरच्या दर्जांच्या परीक्षेत ते करून दाखवल्याशिवाय पास करत नाहीत. २००३ मध्ये अखिल जपान केंडो महासंघाने नवशिक्यांसाठी लाकडी तलवारीचे आणखी नऊ मूलभूत सराव आणले. तुम्ही कॉलेजात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने काता पाठ केला असणार, बहुतेक केंडोवाले तेच करतात, आणि मग म्हणतात की यात काही नाही!

प्रश्न : जपानमध्ये तलवार बाळगायलाच बंदी आली होती असं वाचलं. मग या शाळा टिकल्या कशा? आणि आमच्या मर्दानी खेळाशी यांची तुलना करता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बंदी आली १८७६ मध्ये. पोलीस, सैन्य आणि काही ठरावीक समारंभ सोडून कुणीही कमरेला तलवार लावायची नाही. पण त्याच्या आधीच सरदार घराण्यांची संस्थानं गेली होती, त्यामुळे पगारी तलवारशिक्षकांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. खरा फटका तो होता. पोटाला काय खायचं हा प्रश्न. १८७३ मध्येच साकाकिबारा केन्किची या नामवंत तलवारबाजाने टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे सामने भरवले, कुस्तीच्या फडासारखे. लोक तुटून पडले, आणि जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मला मात्र साकाकिबारांचं कौतुक वाटतं, घरात बसून परंपरा गेली म्हणून रडण्यापेक्षा चार लोकांची चूल त्याने पेटती ठेवली.

मग १८७७ चं सात्सुमाचं बंड झालं, म्हणजे दक्षिणेकडच्या सामुराईंचं नव्या सरकारविरुद्धचं. तिथे पोलिसांच्या तलवारधारी तुकडीने हातघाईच्या लढाईत चांगलं काम केलं, आणि टोकियो पोलिसांचे प्रमुख कावाजी तोशियोशी यांनी तलवारबाजी पोलिसांत परत आणायचा आग्रह धरला. नोकरी गेलेल्या बऱ्याच गुरूंना पोलीस खात्यात जागा मिळाली. १८९५ मध्ये क्योतोत दाइ निप्पोन बुतोकुकाई ही मोठी संस्था झाली. पुढे युद्धाच्या काळात या सगळ्याचा वापर पोरांना लष्करी जोश चढवण्यासाठी झाला, हेही सांगायला पाहिजे, जपानी लोक स्वतः हा भाग पटकन उरकतात. १९४५ नंतर अमेरिकन अंमलात शाळा-कॉलेजांमधून केंडो बंद झालं, बुतोकुकाई १९४६ मध्ये विसर्जित केली, हजारो तलवारी जमा करून नष्ट झाल्या. १९५२ मध्ये केंडो महासंघ उभा राहिला तेव्हा गाडी परत रुळावर आली.

या सगळ्या गोंधळात जुन्या शाळा टिकल्या त्या कुणा एका योजनेमुळे नाही, कुठेतरी एखादं घर किंवा एखादा माणूस चिकाटीने बसला म्हणून. गुन्मा प्रांतातली मानिवा नेन-र्यू बघा, हिगुची घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, आणि शिकणारे गावातले शेतकरी. सामुराईंच्या नोकऱ्या गेल्या तरी शेतकऱ्याचं शेत कुठे जाणार? शाळा तिथेच राहिली. इत्तो-र्यूचा एक प्रवाह उत्तरेकडच्या त्सुगारू संस्थानात जपला गेला आणि तिथून सासामोरी जुन्झो (१८८६ ते १९७६) यांच्याकडे आला. हे गृहस्थ ख्रिश्चन, शिक्षणक्षेत्रातले, पुढे संसदेत गेलेले. सामुराईचा वारसा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्यात बसतात का हे? पण काता त्यांच्याकडे होता, आणि त्यांनी तो पुढे दिला.

मर्दानी खेळाचं विचारलंत. दोन्हीकडे तालीम आहे, वस्ताद आहे, घराणी आहेत, आणि दोन्हीकडे लढाई संपल्यावर कला टिकवायची कशी हा एकच प्रश्न आहे. शस्त्र मात्र फार वेगळं. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात अडकतो, मनगट मोकळं राहत नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या फिरण्यातून येतो, आणि एकटा माणूस चारी बाजूंना फिरवू शकतो. कताना, म्हणजे जपानी लांब तलवार, दोन हातांनी धरायची, दोन मुठींमधल्या अंतरावर सगळा खेळ, आणि समोर एक माणूस. त्यामुळे सरावाची पद्धत वेगळी घडली. कोल्हापूरच्या एखाद्या वस्तादांनी यावर लिहिलं तर मी आनंदाने जागा देईन, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

प्रश्न : आता सगळे काते एचडीमध्ये रेकॉर्ड करून ठेवता येतात. जुन्या गुंडाळ्या पण स्कॅन झाल्यात. मग कला जपली गेलीच ना? एवढी वर्षं गुरूकडे घालवायची गरज काय? – आयटीतला एक वाचक, पुणे

उत्तर : गुंडाळ्यांपासून सुरू करू. बऱ्याच शाळांच्या देनशोमध्ये, म्हणजे शिष्याला दिलेल्या गुंडाळीत, कात्यांची नुसती नावं असतात. ज्याला काता येतो त्याच्यासाठी ती यादी आहे, ज्याला येत नाही त्याला ती वाचून काहीही मिळत नाही, आणि हे मुद्दामच केलेलं आहे. कातोरीत तर शाळेत घेतानाच बोट टोचून रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेतात, त्यात शाळेची विद्या घरच्यांनासुद्धा सांगायची नाही, जुगार खेळायचा नाही, पूर्ण विद्या हाती येईपर्यंत दुसऱ्या शाळेच्या लोकांशी सामने खेळायचे नाहीत असं सगळं येतं. ही पद्धत आजही आहे, शाळा मात्र उघडपणे प्रात्यक्षिकं करते आणि १९६० मध्ये चिबा प्रांताने तिला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यताही दिली. दाखवायचं तेवढं दाखवतात.

व्हिडिओ उपयोगी आहेत, मी पण बघते, विसरलेलं पाऊल आठवायला चांगले. पण बंदिशीचं नोटेशन पुस्तकात असतं म्हणून कुणी त्यातून गायला शिकलाय का, तुम्हीच सांगा. शिवाय काता दोघांचा असतो हे वर सांगितलंच. व्हिडिओमधला उचिदाची तुमच्यावर वार करत नाही! तुम्ही चुकीच्या अंतरावर उभे राहिलात तर तो थांबत नाही, वार वाढवत नाही, हळू करत नाही. तुमच्या घाबरण्याचा त्याला वासही येत नाही. एका हातात फोन धरून शिकलेले लोक मी बघितलेत, हात-पाय अगदी बरोबर जागेवर असतात आणि समोर खरा माणूस आला की सगळं दोन वीत लांब पडतं.

पुन्हा एक असं की रेकॉर्डिंग एका माणसाचं, एका वयातलं असतं. म्हाताऱ्या गुरूचा गुडघा दुखत होता म्हणून तो एक पाऊल आखूड टाकायचा, ते आखूड पाऊल पोरं जशीच्या तशी उचलतात आणि दहा वर्षांनी त्यामागचं तत्त्वज्ञान पण सांगायला लागतात. गुरू जिवंत असला तर विचारता तरी येतं की सेन्सेई, हे असं का. आणि तो म्हणतो, अरे माझा गुडघा दुखतोय.

प्रश्न : म्हणजे शेकडो वर्षं एकही हालचाल बदललेली नाही हे खरं मानायचं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही मानायचं. कुणी तसं सांगत असेल तर तो तिकीट विकतोय.

म्यान केलेली तलवार उपसता उपसताच वार करायची जी कला, इआइ, तिच्या तोसा प्रांतातल्या एइशिन-र्यू प्रवाहाचं उदाहरण घ्या. ओए मासामिची (१८५२ ते १९२७) यांनी त्यातले काते काढले, घातले, गट नव्याने बांधले, आणि आज जगभर मुसो जिकिदेन एइशिन-र्यू म्हणून जे शिकवतात ती मुख्यतः त्यांची मांडणी आहे. त्यांच्याच पिढीच्या आसपास हा प्रवाह तोसाच्या बाहेर गेला, नाकायामा हाकुदो बाहेरचे असून शिकले आणि त्यांच्यापासून मुसो शिंदेन-र्यू असा वेगळा फाटा झाला. तोच काता दोन्हीकडे बघितला तर भाऊ-भाऊ आहेत हे कळतं पण जुळे नाहीत. आता यातलं कोण अस्सल यावर लोक रात्र-रात्र भांडतात, मी त्यात पडत नाही.

याग्यू शिंकागे-र्यूने तर सुरुवातीलाच मोठा बदल केला. तिचे आद्यपुरुष कामीइझुमी नोबुत्सुना यांनी बांबू चिरून त्यावर चामड्याची पिशवी चढवलेली फुकुरो-शिनाई वापरात आणली, सोळाव्या शतकात, म्हणजे जेव्हा बाहेर खऱ्या लढाया चालू होत्या तेव्हा. लाकडी तलवारीने डोक्याजवळ थांबावं लागतं, याने खरोखर मारता येतं. नागोयातल्या ओवारी शाखेत आजही तीच वापरतात. चांगल्या शाळा असं करतात, साधन बदलतात, क्रम बदलतात, पण का बदललं ते सांगणारा माणूस असतो. बदल वाईट नाही, कुणालाच न कळता झालेला बदल वाईट.

आणि दुसरं टोक बघायचं असेल तर सात्सुमाची जिगेन-र्यू, कागोशिमाकडची. तिथे सरावाचा मोठा भाग म्हणजे जमिनीत उभा पुरलेला लाकडाचा खांब आणि त्यावर ओरडत, धावत जाऊन जाडसर काठीने मारत राहायचं. सकाळी तीन हजार, संध्याकाळी आठ हजार अशी म्हणच आहे. त्यात बदलायला आहेच काय?

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, अ‍ॅनिमे बघून कताना पाहिजे म्हणून मागे लागलाय. ऑनलाइन दोन-तीन हजारात मिळतेय. घेऊ का? – एक आई, ठाणे

उत्तर : नको हो ताई. त्या शोभेच्या असतात, भिंतीवर लावायच्या. मुठीच्या आत पातं बारीक दांडीला जोडलेलं असतं, जोरात फिरवली की पातं निघून कुणाच्यातरी अंगावर जातं. शिवाय आपल्याकडे शस्त्र कायदा आहे, धारदार लांब पात्याची वस्तू मागवण्याआधी पोलीस स्टेशनला विचारलेलं बरं. जपानमध्ये शिकणारेसुद्धा सुरुवातीला लाकडी बोकुतो वापरतात, मोठ्यांची साधारण १०१ सेंटीमीटर, मुलांसाठी आखूड मिळते. इआइसाठी पुढे इआइतो घेतात, ती जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची असते. तुमच्या मुलाला बोकुतो घेऊन द्या आणि एखादा केंडोचा क्लास शोधा, मुंबईच्या बाजूला केंडो करणारे लोक आहेत. पहिले काही महिने फक्त पाय सरकवायला लावतील. तेवढं टिकला तर पुढचं बघू.

क्लास निवडताना गुरूजी किती दान आहेत, भिंतीवर किती सर्टिफिकेटं आहेत हे बघाच, पण एक तास नुसतं बसून बघा की सराव चालू असताना गुरूजी काय करतायत. स्वतः पोरांसमोर उभं राहून त्यांचे वार घेतायत, की खुर्चीत बसून नुसत्या सूचना देतायत.

प्रश्न : परदेशी माणसाला या जुन्या शाळा खरंच घेतात का, की पर्यटकांसाठी वेगळं काहीतरी शिकवतात? – एक वाचक, सध्या योकोहामा

उत्तर : घेतात. डॉन ड्रेगर (१९२२ ते १९८२) हा अमेरिकन माणूस कातोरी शिंतो-र्यूचा सभासद झाला त्याला आता अर्धशतक उलटून गेलंय, त्याच्यानंतर पुष्कळ गेले. पर्यटकांसाठी दीड तासाचे 'सामुराई अनुभव' पण असतात, फोटो छान येतात, त्यात वावगं काही नाही, फक्त ती शाळा नव्हे. तुम्ही तर योकोहामात राहता, कातोरीच्या बाजूचं, चिबातलं नारिता काही लांब नाही. पण जपानी भाषा थोडी शिकून जा, आणि पहिल्या भेटीत शिकवा म्हणू नका, बघायला येऊ का एवढंच विचारा. एखाद्या शाळेने नाही म्हटलं तर वाद घालू नका, काही ठिकाणी ओळखीशिवाय घेतच नाहीत. नोव्हेंबरच्या ३ तारखेला टोकियोत मेइजी देवस्थानात जुन्या शाळांची प्रात्यक्षिकं असतात, ती आधी बघा म्हणजे कुठे जायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

प्रश्न : वय ५४, दोन्ही गुडघे कुरकुरतात, वज्रासनात बसता येत नाही. इआइदो करायची फार इच्छा आहे. जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, डॉक्टरांना विचारून. केंडो महासंघाच्या समान इआइ कात्यांचा जो संच आहे तो १९६९ मध्ये सातांचा होता, १९८० मध्ये तीन आणि २००० मध्ये दोन वाढवून आता बारा आहेत. त्यातले पहिले तीन सेइझात म्हणजे वज्रासनासारखं बसून, चौथा एक पाय दुमडून बसून, आणि उरलेले आठ उभ्याने. म्हणजे बारातले आठ तुमच्यासाठी उघडेच आहेत. बसायचे काते बरेच गुरू गुडघेदुखीवाल्यांना उभ्याने करू देतात, क्लासला जाल तेव्हा लाजू नका, आधीच सांगा. आणि फरशीवर नको, लाकडी जमिनीवर किंवा मॅटवर करा, गुडघ्याला पॅड लावा, हाकामाच्या, म्हणजे त्या घोळदार पायजम्याच्या आत कुणाला दिसत नाही. जपानमध्ये अर्ध्या म्हाताऱ्यांच्या हाकामात पॅड असतात.